वार्निश शेडमधला बिनआवाजाचा शॉट

इथे येणाऱ्या गोष्टी माझी नात मला मोबाईलवरून वाचून दाखवते. चकवा, हडळ, पिंपळाखालची बाई... मी ऐकतो आणि हसतो. आयुष्यभर मी फिल्म कापायचं काम केलं. रिकाम्या जिन्यावर पावलं कशी वाजवायची, मेलेल्या माणसाला आरशात कसं दाखवायचं, हे सगळं ह्या हातांनी केलंय. ज्याने स्वतः भुतं बनवली तो भुतांना काय घाबरणार? देवळातसुद्धा बायकोच्या आग्रहाने जायचो, ती गेल्यावर तेही सुटलं.

तरी एक गोष्ट आहे. इतकी वर्षं ती कोणाला सांगितली नाही, कारण ज्या दोन बायकांना त्याने त्रास झाला असता त्या जिवंत होत्या. आता त्या नाहीत. मी बोलतोय आणि नात टाईप करतेय. शुद्धलेखन तिचं, बाकी सगळं माझं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो — माझा मोठा भाऊ मुकुंद, ज्याला मी दादा म्हणायचो, वहिनी आणि मी. आईवडील लहानपणीच गेले. दादाने शिकवलं, वहिनीने वाढवलं. कारखाना वार्निशचा होता. नाव सांगत नाही, तो आता राहिलेलाही नाही. माणूस आत उभा राहील एवढ्या मोठ्या कढयांत जवसाचं तेल आणि राळ तापवायचे, खाली भट्टी. तेलात पाणी असलं तर तापताना फेस येऊन ते उतू जातं. दादा त्या शेडचा चार्जहँड, म्हणजे शेडमध्ये जे काही होईल त्याची जबाबदारी त्याची. डिप्लोमा झालेला, अंगाने किरकोळ, स्वभावाने त्याहून मऊ. साहेब लोकांशी बोलताना त्याचा आवाज आपोआप अर्धा व्हायचा. वहिनी त्याला चिडवायची, तुम्ही वरच्यांशी बोलता की त्यांच्या कानात मंत्र सांगता म्हणून.

मी कामाला होतो उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये. लष्कराच्या जुन्या बराकी होत्या, त्यात सिंधी मंडळी गोणपाटाचे आडोसे करून राहत होती. अर्ध्या बराकीत संसार, अर्ध्या बराकीत धंदा. कोणी पापड लाटतंय, कोणी शिलाई मशीन चालवतंय. तसल्याच एका बराकीत लोकूमल नावाच्या गृहस्थांनी फिल्मचं छोटं युनिट थाटलं होतं. आम्ही त्यांना साईं म्हणायचो. कराचीत ते साऊंडचं काम करायचे. सगळं सोडून आले, पण कानावरचा हेडफोन काही सुटला नाही, असं स्वतःच म्हणायचे. कारखान्यांच्या फिल्म, जाहिराती, असली कामं मिळायची. कॅमेरा एक माणूस चालवायचा, आवाज साईं स्वतः घ्यायचे आणि मी आतल्या खोलीत मूव्हिओला, म्हणजे फिल्म बघून कापायचं मशीन, त्यावर दोन्ही जुळवायचो.

हे जुळवणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेव्हा चित्र कॅमेऱ्यात यायचं आणि आवाज वेगळ्या टेपवर. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. म्हणून शॉटच्या सुरुवातीला एक लाकडी पाटी कॅमेऱ्यासमोर टक्कन आपटायची. चित्रात पाटी मिटलेली दिसते ती फ्रेम शोधायची, आवाजात ती ‘टक’ शोधायची, दोन्हींवर पेन्सिलने फुली मारायची आणि मशीनवर एकत्र बांधायचं. मग माणूस तोंड हलवेल तेव्हाच त्याचा आवाज येतो. आणि तेसुद्धा आमच्याकडे धड व्हायचं नाही. आमचा टेप रेकॉर्डर एका चालीने चालायचा, कॅमेरा दुसऱ्या. थोडा लांब शॉट असला की आवाज मागे पडायचा, नाहीतर पुढे पळायचा. मी मधून मधून कापून ओढून आणायचो. माझी नोकरीच ती होती.

दादाच्या कारखान्यात नवी शेड उभी राहत होती. तिच्या उद्घाटनाला दाखवायला फिल्म हवी, म्हणून काम साईंकडे आलं. शूटिंगच्या दिवशी आमचा टेप रेकॉर्डर बिघडून मुंबईला दुरुस्तीला गेलेला होता. साईंनी वर्क्स मॅनेजर साहेबांची माफी मागितली, म्हणाले आज नुसतं चित्र घेऊ, शेडचे आवाज नंतर येऊन घेतो. साहेब चालेल म्हणाले. त्यामुळे त्या दिवशी कारखान्याच्या आवारात आवाज घेणारं काही यंत्रच नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतोय.

मी त्या दिवशी बराकीत होतो. कॅमेरावाल्याने सकाळी वार्निश शेडचे शॉट घेतले. भट्टी पेटवताना घेतली, मग तो पॅकिंगकडे गेला. कढई तापायला वेळ लागतो. दुपारी तो सामान आवरून फाटकाबाहेर पडला आणि मागून भोंगा वाजला.

कढई उतू गेली होती. तेलाला फेस चढला, कडेवरून सांडला, खाली भट्टीत पडला आणि सगळी शेड पेटली. आत दोघे होते. गणपत नावाचा जवळच्या गावातला कामगार तिथेच गेला. दादाला बाहेर काढलं. हॉस्पिटलमध्ये त्याच्या तोंडावर, गळ्यावर सगळीकडे पट्ट्या होत्या. मी हात धरून बसलो होतो. तो मान हलवून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. मी म्हणालो, दादा, नंतर सांग. दुसऱ्या दिवशी तो गेला.

चौकशी झाली. निष्कर्ष असा निघाला की चार्जहँड कढई वाऱ्यावर सोडून बाहेर बिडी ओढायला गेला, तेवढ्यात तेल उतू गेलं. तसं सांगणारा एक साक्षीदारही मिळाला. माझ्या दादाने जन्मात बिडी हातात धरली नव्हती. हे मी सांगायला गेलो, तर तुम्ही तिथे होता का, असं विचारलं. मी तिथे नव्हतो.

क्वार्टर सोडावी लागली. वहिनीला घेऊन मी बदलापूरला मांजर्लीत एका शेतकऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्यांत आलो. उल्हास नदी अगदी जवळ. पावसाळ्यात पाणी अंगणापर्यंत येतं, म्हणून भाडं कमी. वहिनी रडायची नाही. सगळं करायची आणि मग दारात नुसती बसून राहायची.

तिथेही गणपतची आई येऊन पोचली. आगरी बाई, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. गावाहून चालत यायची. अंगणात उभी राहायची, आत पाऊल टाकायची नाही.

“तुजा घोव बिरी वढत बसला, न् माजा पोर जालला,” एवढंच म्हणायची. पुन्हा पुन्हा तेच.

वहिनी दारातून ओरडून सांगायची की माझ्या माणसाने बिडी ओढली नाही, कोणी सांगितलं तुम्हाला, त्याला माझ्यासमोर आणा. दोघींचा आवाज चढायचा. मग म्हातारी थकून खाली बसायची आणि वहिनी दार लावून घ्यायची. काही दिवसांनी पुन्हा तेच. नवरा गेल्याचं दुःख करायलासुद्धा वहिनीला मोकळीक नव्हती.

मध्ये काही आठवडे गेले. कारखान्याने फिल्म पूर्ण करून मागितली. साईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे काम बाहेर कोणाला देऊ का? मी नको म्हणालो. खरं कारण असं की दादा त्या रिळांत होता. त्याचा हलता चेहरा दुसऱ्या कोणी कापावा, हे मला सहन झालं नसतं.

शेडचे आवाज घ्यायला मी साईंबरोबर गेलो. माईक लावलेली काठी मीच धरली होती. जळालेली शेड दुरुस्त करून, नव्याने चुना फासून पांढरी केली होती. दादाच्या जागी वेगळा माणूस उभा होता. साहेबांनी सगळ्यांना ताकीद दिली की कोणी बोलायचं नाही, आणि खरोखर कोणी बोललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, बोलणार कोण? भट्टीची धग, पंपाची धडधड, ट्रॉलीची चाकं, एवढंच. साईंच्या कानांवर हेडफोन होते. टेप कोरी होती, माझ्यासमोर साईंनी खोक्यातून काढली. काम झाल्यावर त्यांनी मान हलवली, साफ आलं म्हणून.

तो आवाज दादरला नेऊन मूव्हिओलावर चालणाऱ्या, कडेला भोकं असलेल्या पट्टीवर उतरवून आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो शेडच्या चित्रांखाली लावायला बसलो. असल्या आवाजाला काही जुळवायचं नसतं. नुसती धडधड, कुठूनही सुरू करा.

एक शॉट होता. कॅमेरा शेडच्या बाहेर, बराच लांब, पण लेन्सने चेहरे जवळ आणलेले. दारातून आत दादा आणि साहेब उभे. साहेबांची पाठ, दादाचा चेहरा कॅमेऱ्याकडे. दादा काहीतरी बोलतोय, हात कोपऱ्यातल्या ड्रमकडे. हा शॉट मी त्याआधी आवाजाशिवाय कितीतरी वेळा पाहिला होता. अगदी खरं सांगायचं तर, फक्त तोच पाहत होतो.

पट्टी चालू केली. पंपाची धडधड... आणि तिच्याखाली कोणीतरी बोलतंय. मला राग आला. एवढं सांगूनसुद्धा कोणीतरी तोंड उघडलंच. कुठून कापायचं ते बघायला मी पट्टी मागे घेतली आणि आवाज वाढवला.

दादाचा आवाज होता.

भास असेल, मलाही तेच वाटलं. मशीन बंद केलं, बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं, शेजारच्या बराकीतल्या बाईने खुशाली विचारली तिला उत्तर दिलं, आणि परत येऊन ऐकलं. दादाच. तो वरच्यांशी बोलायचा तो अर्धा आवाज. ‘साहेब’ म्हणताना ‘हे’वर किंचित थांबायची त्याची सवय.

मग मी जे केलं ते सवयीने केलं. प, ब, म ही अक्षरं बोलताना ओठ मिटतात. पाटी आपटलेली नसली की आम्ही त्यावरून जुळवतो. आवाजात ‘पाणी’ हा शब्द होता, तिथे फुली मारली. चित्रात दादाचे ओठ मिटतात ती फ्रेम शोधली, तिथे फुली मारली. दोन्ही बांधलं आणि पायाने पेडल दाबलं.

दादा बोलला.

“साहेब, ड्रममध्ये पाणी गेलंय. हे तेल आज चढवू नये.”

मग साहेबांचा आवाज. पाठमोरे होते, पण मान हलत होती, खांदे हलत होते, सगळं शब्दाला शब्द. “दुसरा ड्रम कधी येणार?”

“परवापर्यंत येईल.”

“परवा येऊन काय उपयोग? कॅमेरा आज आलाय. भट्टी पेटलेली दिसली पाहिजे. हळूहळू तापवा, काही होत नाही.”

चित्रात दादा खाली बघतो. टोपी काढतो, पुन्हा घालतो. त्यानंतर त्याचे ओठ पुन्हा मिटतात, ‘ब’साठी.

“बरं साहेब. गणपतला बरोबर घेतो.”

तो वळून हात करतो आणि डाव्या बाजूने गणपत चित्रात येतो. तिथे शॉट संपतो. तिथेच आवाजही संपला. पुढे नुसता पंप.

शेवटपर्यंत एक फ्रेमसुद्धा इकडेतिकडे झाली नव्हती. एकाच वेळी घेतलेला आवाज आमच्याकडे तेवढ्या वेळात घसरायचा, मला तो ओढावा लागायचा. हे चित्र दादा जिवंत असतानाचं, आवाज तो गेल्यानंतरचा. आणि मला कुठे कापावंच लागलं नाही.

मी साईंना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, डोळे उघडून पाहिलं. मग मूळ टेप लावली. तिच्यावरही तेच होतं. म्हणजे दादरला काही घोटाळा झाला म्हणायलाही जागा नाही. ते स्टुलावर बसले. मला वाटलं घाबरले असतील. पण ते घाबरले नव्हते.

“मेरा भी भाई उधर रह गया, वसंत,” ते म्हणाले. “उसकी तो कभी आवाज़ नहीं आई.”

मी टेप उतरवून खोक्यात ठेवली.

साहेब फिल्मचं कच्चं काम पाहायला येणार होते. मी साईंना म्हणालो, मी आवाजासकट दाखवणार. ते नाही म्हणतील असं वाटलं होतं, कारण त्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं ते. पण ते म्हणाले, दिखा दो.

साहेब आले. पुण्याकडचे, स्वच्छ माणूस, रुमालाने स्टूल पुसून बसले. मी काही न सांगता शॉट लावला. ते पुढे झुकून पाहत राहिले. स्वतःचा आवाज ऐकल्यावर त्यांचा हात गुडघ्यावर होता तिथेच थांबला. शॉट संपला.

“पुन्हा दाखवा,” म्हणाले.

पुन्हा दाखवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो पांढरा पडेल, ते ओरडतील, काहीतरी होईल म्हणून वाट बघत होतो. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“डबिंग उत्तम केलंय,” ते म्हणाले. “माझा आवाज कोणी काढला?”

मी म्हणालो, कोणी काढला नाही साहेब, हा तुमचाच आहे.

“त्या दिवशी तुमचं आवाजाचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. तुमच्या मालकांनी माझी माफी मागितली होती, चारचौघांत. बरोबर ना?” त्यांनी साईंकडे पाहिलं. साईंनी मान हलवली. “मग? ओठांना आवाज चिकटवणं हा तुमचा धंदाच आहे. तुमचा भाऊ गेला, मला वाईट वाटतं. पण हे घेऊन तुम्ही जिथे जाल, तिथे पहिला प्रश्न हाच येईल.”

खरं होतं ते. त्यातच सगळं आलं. शिंप्याने, सुताराने हे ऐकवलं असतं तर कोणी विश्वास तरी ठेवला असता. मी ज्या कामात तरबेज होतो, त्यानेच माझं तोंड बंद केलं. आणि तो माणूस हे सगळं न चिडता, समजुतीच्या सुरात सांगत होता. ‘मी असं बोललोच नव्हतो’ एवढं मात्र तो शेवटपर्यंत म्हणाला नाही.

जाताना म्हणाले, शॉट चांगला आहे, ठेवा. त्यावर कॉमेंट्री घाला.

साईंनी घातली. त्यांना मी दोष देत नाही. एकदा मुळासकट उपटलेला माणूस दुसऱ्यांदा कशाला उपटून घेईल? पुढे उद्घाटनाला ती फिल्म दाखवली. दादा ड्रमकडे हात करून सांगतोय, साहेब ऐकतायत, वर सनईचे सूर आणि भारदस्त आवाजात वाक्य — कामगारांच्या सुरक्षिततेकडे येथे सतत लक्ष दिले जाते. टाळ्या झाल्या म्हणे. मी गेलो नव्हतो.

पण त्याच्या आधी वहिनीचं झालं, ते सांगायचं राहिलं.

साहेबांनी मानलं नाही, कोर्टाने मानलं नसतं. पण गणपतच्या आईला डबिंग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिला दादाचा आवाज ओळखीचा होता, तो गणपतच्या लग्नात जेवून आला होता. ती ऐकेल, पटेल तिला, निदान अंगणातलं ते बंद होईल, असा माझा विचार. आधी वहिनीला ऐकवू, मग दोघींना एकत्र आणू.

रविवारी बराक बंद असायची. दुपारी वहिनीला कॅम्पमध्ये घेऊन आलो. रस्त्यात तिला सगळं सांगितलं. तिने विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. मूव्हिओलाची काच पोस्टकार्डाएवढी. तिने स्टूल पुढे ओढलं. दादा दिसल्यावर तिने काचेवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. मी पेडल दाबलं.

ऐकताना तिचा चेहरा उजळत गेला. खरंच उजळला. ‘चढवू नये’ ऐकल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की बघा, मी म्हणत नव्हते? साहेबांच्या वाक्यांना तिने दात आवळले. आणि मग शेवटचं वाक्य आलं.

ती काचेकडे वाकली. म्हणाली, शेवटचं परत लावा. मी लावलं.

“‘गणपतला बरोबर घेतो’ म्हणाले.”

“हो.”

“म्हणजे त्यांना ठाऊक होतं.”

मी इतक्या वेळा ते ऐकलं होतं. दादा निर्दोष आहे, दादा निर्दोष आहे, एवढंच माझ्या डोक्यात. त्या वाक्याकडे मी कामाचं वाक्य म्हणूनच पाहिलं होतं.

“मला वाटायचं, त्यांना कळायच्या आत झालं असेल,” वहिनी म्हणाली. “तेवढ्या एका गोष्टीवर मी उभी होते, भावजी. आता कळतंय की ठाऊक होतं, तरी गेले. आणि त्या पोराला हाक मारून नेलं.”

मी म्हणालो, वहिनी, शेवटचं वाक्य मी कापतो. कोणाला कळणार नाही, माझं कामच आहे ते. म्हातारीला आधीचं तेवढं ऐकवू.

“अर्धं ऐकवायचं तिला?”

मी पट्टीवरचा हात काढला.

“तिला वाटतंय की बिडी ओढायला गेले आणि चूक झाली. चुकून मेला म्हणतेय पोर. तिचं तेवढं राहू दे,” वहिनी म्हणाली. मग विचारलं, “हे पुसता येतं का?”

येतं म्हणालो. पण वहिनी, हा दादाचा आवाज आहे, आपल्याकडे त्याचं दुसरं काही नाही.

“पुसा.”

त्याआधी तिने एकदा आवाज बंद करून चित्र दाखवायला सांगितलं. मी आवाजाची बाजू सोडवली आणि नुसतं चित्र चालवलं. दादा ओठ हलवत राहिला. तिने ते शांतपणे पाहिलं आणि पदर नीट करून उठली.

सोमवारी मी टेप आणि पट्टी दोन्ही पुसली. साईंनी कारण विचारलं नाही. पुढे त्या टेपवर केसांच्या तेलाची जाहिरात रेकॉर्ड झाली.

गणपतची आई त्यानंतरही येत राहिली, अनेक वर्षं. अंगणात उभी राहून तेच वाक्य. वहिनीने तिला पुन्हा कधी उलट उत्तर दिलं नाही. दार उघडून समोर उभी राहायची, ऐकून घ्यायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची. म्हातारीला ते जास्तच लागायचं. आता कबूल झाली बघा, असं ती गावात सांगायची.

ह्याचं स्पष्टीकरण मी शोधलं नाही असं नाही. टेप जुनी असेल? कोरी होती. कोणी शेडमध्ये नक्कल केली असेल? माईक माझ्या हातात होता. माझं डोकं फिरलं होतं म्हणाल, तर साईंनी ऐकलं, साहेबांनी ऐकलं, वहिनीने ऐकलं. भिंती आवाज धरून ठेवतात असं काही लोक म्हणतात. पण त्या भिंतींना नवा चुना दिला होता आणि भिंतींना फ्रेमचा हिशोब येत नाही. पुढे ह्या धंद्यात मी म्हातारा झालो, यंत्रं बदलली, आता म्हणे कॉम्प्युटर आपोआप जुळवतो. कोणालाही विचारा, दोन वेगळ्या दिवसांचे आवाज आणि चित्र असे बसत नाहीत. ते बसले. कसे, मला अजून माहीत नाही.

नात विचारते, आजोबा, भीती नाही वाटली? नाही, बाळा, भीती कधीच नाही वाटली. राग आला. अजून येतो. मेल्यानंतर माझा भाऊ एकदाच बोलला. तेव्हा त्याला कोणाची भीती होती? तरी आवाज तेवढाच हळू, आणि पहिला शब्द ‘साहेब’.